कावळा, फांदी आणि पोट

फराळाचे ताट समोर असताना पोटातल्या जीवजंतूंचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे, हे मला मान्य आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता हा अंक चाळणाऱ्या वाचकाने मनातल्या मनात मला दोन शब्द सुनावले, तर माझी तक्रार नाही. पण दिवाळी आणि पोट यांचे नाते फार जुने आहे. नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत आपण पोटावर जो भार टाकतो, त्याचा जाब ते तुळशीच्या लग्नाच्या सुमारास विचारते. मग दवाखान्यात गर्दी होते, तपासण्या होतात आणि कागदावर कुणाकुणाची नावे निघतात. अशाच एका नावाविषयी आज लिहायचे आहे. एरवी या सदरात मी म्हणींच्या पोटात शिरतो. आज एका म्हणीचे बोट धरून खऱ्याखुऱ्या पोटात शिरणार आहे.

म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. तिथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते, इतकाच फरक. फांदी आतून कुजत आली होती, वारा सुटला होता, कावळा बिचारा घटकाभर टेकला. पण पाहणाऱ्याला दिसले ते एवढेच की, कावळा बसला आणि फांदी मोडली. त्यातून कावळा रंगाने काळा आणि गळ्याने कर्कश. त्याच्यावर आळ घ्यायला कुणाला फारसा विचार करावा लागत नाही.

आजच्या कथेतल्या कावळ्याचे नाव ब्लास्टोसिस्टिस. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण जीव अगदी चिमुकला. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागात सहसा मावेल एवढा, गोल, एकपेशी आणि मोठ्या आतड्यात मुक्काम करणारा. जगभरच्या माणसांच्या पोटांत आढळणाऱ्या एकपेशी जीवांत याच्याइतका सार्वत्रिक दुसरा क्वचितच असेल. १९११ साली अलेक्सेयेफ या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि १९१२ साली एमिल ब्रुम्प्त या फ्रेंच पंडिताने माणसाच्या पोटातल्या या जीवाला 'होमिनिस', म्हणजे 'माणसाचा', असे आडनाव दिले. (हे ब्रुम्प्त महाशय लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहेत.) त्यानंतर पन्नासएक वर्षे लोक त्याला यीस्ट, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीचा भाऊबंद, समजत होते. १९६७ साली अमेरिकेत झिएर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले की ही बुरशी नव्हे, हा अमीबासारखा प्राणिवर्गातला जीव. आणि १९९६ साली त्याच्या जनुकांची कुंडली मांडली, तेव्हा गोत्र निघाले तिसरेच. समुद्रातले तपकिरी शेवाळ आणि बटाट्यावर करपा आणून १८४५ पासून आयर्लंडात दुष्काळ पाडणारा तो कुप्रसिद्ध जीव, हे याचे दूरचे नातेवाईक. ज्याची जात ठरायला पंचाऐंशी वर्षे लागली, त्याचा स्वभाव ठरायला वेळ लागावा, यात नवल नाही.

प्रश्न साधा आहे. हा पोटात असला म्हणजे माणूस आजारी पडतो का?

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरावर घरात काय काय अवलंबून असते, ते सांगतो. आमच्या ओळखीच्या एका घरी सूनबाईंना वर्षभर पोटाचा त्रास होता. जेवण झाले की पोट फुगायचे, मधूनच जुलाब, मधूनच मुरडा. तपासणी झाली आणि कागदावर हे नाव निघाले. घरात एकदम हायसे वाटले. आजाराला नाव मिळाले की निम्मा आजार गेल्यासारखा वाटतो. गोळ्यांचा कोर्स झाला, चार आठवडे बरे गेले, पुन्हा पोट फुगले. दुसरा कोर्स, मग तिसरा. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव, अन्नावरची वासना गेलेली, आणि कागदावर नाव कायम. मग घरात शोध सुरू झाला की हे आले कुठून. संशय कुणावर जावा? अर्थात पोळ्या करायला येणाऱ्या बाईंवर. त्यांना सांगण्यात आले, "तुमची तपासणी होईपर्यंत येऊ नका." बाईंनी पदरचे पैसे खर्चून तपासणी केली. तिच्यात काहीही निघाले नाही. उलट खबरदारी म्हणून घरच्यांची तपासणी केली, तर तो जीव सापडला पंचाहत्तरीच्या सासूबाईंच्या पोटात. "अहो, मला आयुष्यात पोटदुखी ठाऊक नाही," असे म्हणत त्या दोन वेळचे व्यवस्थित जेवत होत्या.

कागद दाखवायला आलेल्या पोळीवाल्या बाई एवढेच म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या घरातनं मला लागलं असतं, तर मी कुणाला सुट्टी दिली असती?" त्या प्रश्नाला त्या घरात कुणापाशी उत्तर नव्हते. बाईंचा तीन आठवड्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

आता व्याकरणाच्या मास्तराला दिसले ते सांगतो. तपासणीच्या कागदावर जे लिहिलेले असते, त्याचे मराठी भाषांतर 'पोटात आढळला' असे आहे. 'पोटात' मधला 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. तो फक्त ठिकाण सांगतो. 'याच्यामुळे पोट दुखते' यातले 'मुळे' हे शब्दयोगी अव्यय कारण सांगते. कागदावर सप्तमी असते. 'मुळे' आपण घरी आल्यावर जोडतो. तेवढ्या एका शब्दावर तीन वेळा गोळ्या घेतल्या जातात आणि एका बाईचे काम जाते.

तरीही आरोपीची बाजू घेण्यापूर्वी फिर्यादीचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, आणि ते काही पोकळ नाही. पोटफुगी, जुलाब, पोटदुखी घेऊन आलेल्या अनेक रोग्यांत दुसरे काही सापडत नाही आणि हा एकटा सापडतो. काहींच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्यांच्यातही हा सापडल्याच्या नोंदी आहेत. २००३ साली इटलीत एक प्रयोग झाला. अशा रोग्यांपैकी काहींना मेट्रोनिडॅझोल हे औषध दिले आणि काहींना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली. खरे औषध घेणाऱ्यांना पुष्कळ अधिक आराम पडला. शिवाय हा जीव एकच नाही, त्याचे अनेक उपप्रकार आहेत. माणसांत मुख्यतः पहिले चार आढळतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात, पण त्यातला एखादा सज्जन आणि एखादा वांड असू शकेल, अशी शंका शास्त्रज्ञांना आहे.

यावर बचावाचे वकील उभे राहतात. ते म्हणतात, औषधाने आराम पडला हे खरे, पण ते औषध फक्त याच एका जीवाला मारते असे थोडेच आहे? मेट्रोनिडॅझोल जिआर्डिया नावाच्या दुसऱ्या परोपजीवीला मारते, अमीबाला मारते आणि आतड्यातल्या अनेक जातींच्या जिवाणूंनाही मारते. गल्लीत दंगल झाली म्हणून पोलिसांनी सगळी गल्लीच उचलून नेली आणि दंगल थांबली, तर त्यावरून नेमका दंगेखोर कोण होता, हे कसे कळणार?

बचावाचा दुसरा साक्षीदार आफ्रिकेतला आहे. सेनेगल नदीच्या खोऱ्यातल्या ९३ मुलांची तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्या ९३ च्या ९३ मुलांच्या पोटांत ब्लास्टोसिस्टिस होता! त्यातल्या काहींना पोटाच्या तक्रारी होत्या, काहींना मुळीच नव्हत्या. शंभरातल्या शंभर माणसांच्या डोक्यावर टोपी असेल, तर ज्यांचे डोके दुखते त्यांच्या टोपीला दोष देता येत नाही.

तिसरी साक्ष तर फिर्यादीला गोंधळात टाकणारी आहे. २०२४ साली ३२ देशांतल्या लोकांचे मिळून ५६,९८९ नमुने तपासून निघालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की ज्यांच्या पोटात हा जीव आहे, ते सरासरीने भाजीपाला, फळे, कडधान्ये असा चांगला आहार घेणारे होते. त्यांच्यात लठ्ठपणा कमी होता आणि रक्तातली साखर व चरबी यांचे मानही अधिक समाधानकारक होते. कालपर्यंतचा गुन्हेगार आज एकदम सद्गृहस्थ! पण थांबा. इथेही आपला कावळा आहेच. हा जीव पोटात असल्याने माणसे निरोगी झाली, की निरोगी माणसांच्या आतड्यात त्याला राहावेसे वाटले, हे या आकड्यांवरून ठरत नाही. नाहीतर उद्या कुणीतरी त्याच्या पुड्या बांधून पाचक म्हणून विकायला काढील.

अशा खटल्यात वकील जुने निकाल काढून दाखवतात. इथे दोन निकाल आहेत आणि गंमत अशी की ते परस्परविरुद्ध आहेत.

पहिला जिआर्डियाचा. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा एक कापडविक्या होता. स्वतः भिंगे घासून त्यातून जे मिळेल ते पाहण्याचा त्याला नाद. १६८१ साली पोट बिघडले असताना त्याने स्वतःचा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. वर्णनावरून ते जिआर्डियाच असावेत, असे आज मानतात. पण हा जीव रोग आणतो की नाही, यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकमत नव्हते. निरोगी माणसांतही तो सापडे, म्हणून कित्येक डॉक्टर त्याला निरुपद्रवी बिऱ्हाडकरू समजत. मग १९६५-६६ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात ॲस्पेन या गावी बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला गेलेले पाहुणे पोट बिघडून परतले. अकराशेच्या आसपास पाहुण्यांची चौकशी झाली, त्यात शेकडा अकरांना हा त्रास झालेला आढळला. शोध घेता घेता गावाच्या विहिरीच्या पाण्यात गटाराची गळती मिसळत असल्याचे निघाले. जिआर्डियाची निर्दोष सुटका रद्द झाली. आज त्याच्या गुन्ह्याबद्दल कुणाला शंका नाही.

दुसरा निकाल अमीबाचा. 'अमीबा' हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. "यांना अमीबा आहे" हे वाक्य आपण "यांना चष्मा आहे" इतक्या सहजपणे म्हणतो. आव पाडणारा, क्वचित यकृतापर्यंत पोचून तिथे गळू करणारा अमीबा खराच आहे आणि तो धोक्याचा आहे. पण पुष्कळ माणसांच्या पोटात अमीबा असूनही त्यांना काही होत नसे, याचा उलगडा कसा करायचा? १९२५ साली आपले ब्रुम्प्त महाशय म्हणाले, हा एक जीव नव्हे, हे दोन जीव आहेत. दिसायला हुबेहूब सारखे, पण एक घातकी आणि दुसरा निरुपद्रवी. त्यांचे म्हणणे फार थोड्यांनी मनावर घेतले. १९५१ साली ब्रुम्प्त वारले. १९७८ साली लंडनच्या संशोधकांना दोघांच्या रासायनिक खुणा वेगळ्या दिसल्या आणि १९९३ साली डायमंड व क्लार्क यांनी दोन जाती रीतसर वेगळ्या केल्या. आज आपण जाणतो की ज्यांना वर्षानुवर्षे 'अमीबावाले' म्हटले गेले, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात तो दुसरा, निरुपद्रवी, भाऊच होता. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितले की निव्वळ निरुपद्रवी अमीबा असेल तर औषध देऊ नये. तोवर किती लोकांनी किती कडू गोळ्या विनाकारण गिळल्या असतील, त्याचा हिशेब कोण ठेवणार!

म्हणजे एका खटल्यात सुटलेला पुढे दोषी निघाला आणि दुसऱ्यात दोषी ठरलेल्यांपैकी बहुतेक निर्दोष निघाले. ब्लास्टोसिस्टिसचा खटला यातल्या कोणत्या वाटेने जाईल? मला स्वतःला अमीबाची वाट अधिक संभवनीय वाटते. उपप्रकारांची छाननी पुरी झाली की त्यातले बहुतेक सुटतील, एखाद्यावर कदाचित डाग राहील. पण हा मराठीच्या मास्तराचा अंदाज. न्यायालयाचा निकाल अजून लागायचा आहे.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हा पेच अगदी अनोळखी नव्हता, असे दिसते. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत, पण सांगताना एक अपवाद केला आहे तो 'सहज' कृमींचा. सहज म्हणजे शरीराबरोबरच असणारे. अकराव्या शतकातला टीकाकार चक्रपाणिदत्त खुलासा करतो की हे सहज कृमी विकार उत्पन्न करीत नाहीत. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता आणि त्यांनी ब्लास्टोसिस्टिस ओळखला होता, असा दावा करून मी कुणाची पाठ थोपटणार नाही. पण अंगात राहणारे सगळेच अंगावर उठलेले नसते, एवढा विवेक त्यांनी दाखवला आहे.

इथे गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळे या सूक्ष्म जीवाविषयी झाले, जंतांविषयी नव्हे. ज्यांच्यासाठी आपल्या आज्या बाळांना वावडिंगाचे पाणी पाजीत आणि मोठ्या मुलांचे नाक धरून एरंडेल देत, ते जंत खरोखरच मुलांचे रक्त आणि वाढ खातात. आकडेकृमीने होणारा पांडुरोग काही काकतालीय नव्हे. २०१५ पासून सरकारने जंतनाशक दिन सुरू करून शाळा-अंगणवाड्यांतून गोळी द्यायला सुरुवात केली, ती याचसाठी. ती गोळी मुलांना जरूर द्यावी.

मग कागदावर हे लांबलचक नाव निघाले तर करायचे काय? आज जाणते डॉक्टर साधारण असे सांगतात. माणसाला काहीच त्रास नसेल, तर औषध देऊ नये. पंचाहत्तरीच्या सासूबाईंना सुखाने जेवू द्यावे. त्रास असेल, तर आधी बाकीची कारणे धुंडाळावीत. जिआर्डिया आहे का, दूध पचते का, गव्हाचे वावडे आहे का, थायरॉइड ठीक आहे का, एखादे चालू औषधच पोट बिघडवीत नाही ना, हे पाहावे. यातले काहीच नसेल, तर डॉक्टर एखादा कोर्स देऊन पाहतील, आणि त्यात गैर काही नाही. पण केवळ कागदावरचे नाव पुसले जावे म्हणून कोर्सांवर कोर्स घेऊ नयेत. हा जीव औषधाला पुष्कळदा दाद देत नाही; मेट्रोनिडॅझोल मात्र फार दिवस घेतले तर हातापायांना मुंग्या आणू शकते आणि आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचाही संहार करते. आणि मळातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप राहत असेल, रक्त कमी झाले असेल, तर या कावळ्याकडे बोट दाखवून स्वस्थ बसू नये. अशा वेळी फांदी का कुजली, हे तातडीने शोधावे लागते. निरपराधाला शिक्षा होते हे वाईटच, पण त्याहून वाईट असे की त्याला पकडल्याच्या समाधानात खरा अपराधी मोकळा फिरत राहतो.

आमच्या ओळखीच्या त्या सूनबाईंना पुढे एका वयस्क डॉक्टरांनी दूध बंद करून पाहायला सांगितले. मोठेपणी दूध न पचणारी माणसे आपल्या देशात पुष्कळ आहेत. दोन वेळचा चहा कोरा झाला आणि पोटाला बराच आराम पडला. आता हा गुण खरोखर दूध सोडल्याचा, की तो आणखी एक कावळा, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. तीन आठवड्यांनी पोळीवाल्या बाई परत कामावर आल्या. बुडालेला पगार त्यांना द्यावा असे सासूबाईंनी सुचवले आणि दिवाळीच्या बक्षिसात तो घालून दिला. 'भरपाई' हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही.

जाता जाता एक मुद्दा राहतो. हा जीव आजाराचा पुरावा नसला, तरी एका गोष्टीचा पुरावा तो असू शकतो. तो तोंडावाटे आत येतो. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, कुणाच्या तरी किंवा एखाद्या जनावराच्या विष्ठेचा अंश पाण्यातून, भाजीतून किंवा हातांवरून आपल्या तोंडापर्यंत पोचलेला असतो. ज्या वाटेने हा निरुपद्रवी पाहुणा आला, त्याच वाटेने जिआर्डिया, कावीळ आणि विषमज्वरही येतात. नळाच्या पाण्यातले नेहमीचे क्लोरीन त्याच्या कवचाला फारसे बाधत नाही, उकळी मात्र बाधते. तेव्हा नाव निघालेच, तर पोळीवाल्या बाईंकडे पाहण्याआधी गच्चीवरच्या टाकीत डोकावावे. ती शेवटची कधी धुतली होती, ते आठवून पाहावे. आठवत नसेल, तर फराळ आटोपल्यावर दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस तिच्यासाठी राखून ठेवावा.